तिसरी चढाई आणि एक सही

या वेळचं पत्र वेंगुर्ले तालुक्यातून आलं आहे. नाव आणि गाव छापू नये असं लिहिलंय, तसंच केलंय. पत्र लांब आहे, कामाचा भाग तेवढा देते.

"मावशी, माझं वय २२. बारावीनंतर काजूच्या कारखान्यात कटिंगला लागले. आम्ही २६ बायका आहोत, किलोवर पैसे. गावच्या मुलींच्या संघात मी चढाई करते, शाळेपासून. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी आईला सांगितलं की कबड्डीवर सरकारी नोकरी लागते. तेव्हापासून आई म्हणते, 'नोकरी गावतली असात तर खेळ, नायतर पुरे झाला.' स्थळंही येतायत. आता झालंय असं की सरावात मला कोणी धरू शकत नाही, पण सामन्यात शेवटची पाच मिनिटं आली आणि तिसरी चढाई (दोन रिकाम्या गेल्यावरची, जिच्यात गुण आणावाच लागतो ती) माझ्यावर आली की पाय जड होतात. आपला पाय कुठे पडतोय तेच बघत बसते. गेल्या चार सामन्यांत चारही वेळा पकडले गेले. भाऊ म्हणतो, तू डोक्यानं कच्ची. त्यात मालकाचा त्रास. सामन्यासाठी एक दिवस सुट्टी घेतली तर तीन दिवसांचे पैसे कापतो. आता त्यानं एक कागद आणलाय: 'मी माझ्या जबाबदारीवर खेळते, दुखापत झाल्यास कारखाना जबाबदार नाही, कापलेल्या पैशांबद्दल व इतर कोणत्याही रकमेबद्दल माझी तक्रार राहणार नाही.' त्यावर सही कर म्हणतो. पुढच्या महिन्यात जिल्ह्याची निवड चाचणी आहे. सही करू का? आणि पायाचं काय करू?"

बाय, तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: "आपला पाय कुठे पडतोय तेच बघत बसते." तुझ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर तूच लिहून पाठवलं आहेस.

आधी कारखान्यात जाऊ. तुझ्यासमोर ते पायडलचं मशीन आहे. वाफवलेली बी डाव्या हातानं दोन पात्यांमध्ये धरायची, पायानं पायडल दाबायचं, हातानं दांडा फिरवायचा, टरफल उघडतं, अख्खा गर बाहेर. बोटांना तेल चोपडलेलं, नाहीतर टरफलातला चीक कातडी सोलून काढतो. एका बीला किती सेकंद लागतात? तू शेजारणीशी काल रात्रीच्या मालिकेबद्दल बोलत असतेस आणि पाय आपला चालत असतो. आता उद्या एक कर. एक बी कापताना मनाशी म्हण, 'आता डाव्या अंगठ्यानं धरते, आता टाच खाली, आता पातं टेकलं.' त्या बीचा तुकडा होईल. दुसरीचाही होईल. (पाचसहा बियांपुढे हा प्रयोग करू नकोस, तुकड्याचा भाव कमी मिळतो आणि बोटं तुझी आहेत.)

मैदानावर तुझं हेच होतंय. याला नाव आहे, आणि ते 'डोक्यानं कच्ची' असं नाही.

रॉय बाउमाइस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये या प्रकाराची मांडणी केली. त्याचं म्हणणं असं की दडपण आलं की माणूस स्वतःकडे बघायला लागतो. जे काम अंगवळणी पडलंय, म्हणजे आता डोक्याला न विचारता हातपाय करतात, त्याच्यावर डोकं पुन्हा पहारा ठेवायला जातं आणि तिथंच अडखळतं. पुढं शॉन बायलॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये फुटबॉलवाल्यांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. खांबांमधून चेंडू नागमोडी नेताना पायाच्या कुठल्या बाजूचा स्पर्श झाला त्याकडे लक्ष द्यायचं. मुरलेले खेळाडू हळू झाले, त्यांचा खेळ बिघडला. नवशिक्यांना उलट त्यानं मदतच झाली. म्हणजे बघ, पायाकडे बघून पाय बिघडायला पाय आधी तयार असावा लागतो. भावाला हे सांग. त्याचा पाय असा कधी बिघडणार नाही, कारण तो बांधावर उभा राहून खेळतो.

इथं मला माझी एक चूक कबूल करायची आहे. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे आणि मुलींच्या संघाबरोबर जायचे, कारण दुसरं कोणी जायला तयार नसे. एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात दोन गुणांनी मागे होतो, मिनिटभर उरलं होतं. आमची सगळ्यात चपळ पोर चढाईला निघाली आणि मी रेषेबाहेरून ओरडले, "डावा पाय! अगं, डावा पाय सांभाळ!" तिनं डाव्या पायाकडे बघितलं. खरोखर मान खाली घालून बघितलं. तेवढ्यात कोपऱ्यातलीनं घोटा धरला. ती पोर मला काही बोलली नाही, आजही भेटली की हसते. पण तो सामना तिनं नाही, मी घालवला. तेव्हा मला हे सगळं वाचून माहीत नव्हतं. माहीत असतं तरी ओरडले नसते असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

तू म्हणशील, सरावात का होत नाही मग? कारण सरावाला तुमच्या पाच मैत्रिणी आणि एक कुत्रा असतो. माणसं बघत असली की काय होतं हा या शास्त्रातला फार जुना प्रश्न आहे. नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या माणसानं १८९८ मध्ये मुलांना मासे पकडायच्या गळाची चकरी फिरवायला लावली, आधी एकट्यानं, मग दुसऱ्या मुलाशी शर्यत लावून. पुस्तकांत छापतात ते एवढंच की शर्यतीत मुलं जलद फिरवतात. पण त्याच्या ४० मुलांपैकी साधारण निम्मीच जलद झाली. दहाएक मुलांवर फारसा परिणाम झाला नाही, आणि दहा मुलं शर्यतीच्या भरात उलट बिघडली. त्या दहा मुलांबद्दल कोणी बोलत नाही. तू त्यांच्यातली आहेस आणि तुला सोबत आहे, एवढं लक्षात ठेव.

पुढं रॉबर्ट झायन्स आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये हेच झुरळांवर करून बघितलं. हसू नकोस. झुरळांना प्रेक्षक म्हणून दुसरी झुरळं बसवली. सरळ वाटेनं पळायचं असलं तर प्रेक्षकांसमोर झुरळ जास्त वेगानं पळालं. वळणाची वाट असली तर जास्त रेंगाळलं. झुरळाला आई नसते, स्थळं येत नसतात, नोकरीचा प्रश्न नसतो, तरीही त्याची ही गत. चढाई ही वळणाची वाट आहे. बोनस रेषेचा गुण घ्यायचा की कोणाला स्पर्श करायचा, कोपऱ्यातली पुढे आलीय का, हात धरलेल्यांची साखळी कुठे तुटलीय, आणि हे सगळं तीस सेकंदांत, एका दमात.

आता आईच्या वाक्याकडे येते. मला ते वाक्य वाईट वाटलं नाही. खरं वाटलं.

स्टॅनफर्डच्या एका बालवाडीत १९७३ मध्ये मार्क लेपर आणि दोन सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. ज्या मुलांना स्केचपेननं चित्र काढायला मुळातच आवडायचं अशी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र शेवटी अचानक दिलं. काहींना काहीच नाही. नंतर मुलांना मोकळं सोडलं आणि कोण स्वतःहून पेनं घेतं ते पाहिलं. ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक मिळालेल्यांचा उत्साह तसाच होता. प्रमाणपत्रानं बिघाड केला नव्हता. 'प्रमाणपत्रासाठी काढ' या बोलीनं केला होता.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत तू खेळत होतीस. आता तू प्रत्येक चढाईत नोकरी घेऊन मध्यरेषा ओलांडतेस. आई, स्थळं, तीन दिवसांचे कापलेले पैसे, सगळी तुझ्याबरोबर आत जातात. आठ जणी आत गेल्यावर पाय जड होणार नाही तर काय होईल!

यावर पुष्कळ लोक तुला सांगतील, फळाची आशा धरू नकोस, खेळाचा आनंद घे. हे सांगणारे बहुतेक पेन्शनीत निघालेले असतात. मीही त्यातलीच, म्हणून ते मी तुला सांगणार नाही. मुलांच्या कबड्डीला २०१४ पासून प्रो कबड्डी आहे, लिलाव आहे, टीव्ही आहे. मुलींसाठी २०१६ मध्ये तीन संघांची छोटीशी स्पर्धा त्याच लीगच्या जोडीनं खेळवली गेली. आपल्या महिला संघानं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत इराणकडून अंतिम सामना २७-२४ असा गमावला, आणि पुढच्या खेपेला, २०२३ मध्ये हांगझोउला, चायनीज तैपेईला २६-२५ असं एका गुणानं हरवून सुवर्ण परत आणलं. त्या एका गुणानंतरही तुझ्यासारख्या गावातल्या मुलीला खेळावर पोट भरायला भरवशाची लीग नाहीच. शिडी एकच, नोकरीतलं आरक्षण. तेव्हा आई त्या शिडीकडे बघते यात तिचं काय चुकलं? तुझ्या मनातलं ओझं कल्पनेतलं नाही, खरं आहे. खरं ओझं श्वासाचे व्यायाम करून उतरत नाही, ते हातानं उचलून खाली ठेवावं लागतं. म्हणून पायाच्या आधी कागदाचं बघू.

त्या कागदात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र शिवल्या आहेत. गावच्या संघाकडून खेळताना गुडघा गेला तर ती कामावरची दुखापत धरली जात नाही, त्यासाठी मालक तसाही जबाबदार नाही. हे लिहून देण्यात तुझं काही जात नाही, आणि त्याला ते लिहून घ्यायची गरजही नाही. मग त्यानं ते पहिलं का लिहिलं? दुसरं वाक्य आत सरकवायला. 'कापलेल्या पैशांबद्दल व इतर कोणत्याही रकमेबद्दल तक्रार राहणार नाही.' त्याला सही हवी आहे ती याच्यावर.

एका दिवसाच्या गैरहजेरीला तीन दिवसांचे पैसे कापता येत नाहीत. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातच हे होतं आणि तेच २०१९ च्या वेतन संहितेत आलं आहे: जेवढा वेळ गैरहजर, तेवढ्याच प्रमाणात कपात. किलोवर काम करणारीचा हिशेब तर आणखी सोपा. त्या दिवशी बी कापली नाही, त्या दिवसाचे पैसे नाहीत, संपलं. बाकीच्या दोन दिवसांत तू कापलेल्या बीचे पैसे तुझेच आहेत. एक गंमत मात्र सांगून ठेवते. दहा किंवा जास्त कामगार ठरवून, आगाऊ न सांगता, सबळ कारण नसताना एकदम गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतची कपात कायद्याला चालते. तुमचा संघ सातांचा, राखीव धरून बारा जणींचा. तुझ्याच कारखान्यातल्या किती जणी संघात आहेत ते तू लिहिलं नाहीस, पण सामन्याला जाताना आधी लेखी सांगून जा. वहीच्या पानावर तारीख घालून दोन ओळी लिहायच्या आणि देण्याआधी मोबाईलवर फोटो काढायचा.

दुसरं, किलोवर पैसे मिळतात म्हणून किमान वेतन सुटत नाही. दिवसभराचे नेहमीचे तास भरलेस तर त्या दिवसाची बेरीज सरकारनं ठरवलेल्या किमान वेतनाखाली जाता कामा नये. रोजचे किलो आणि आत-बाहेरची वेळ एका वहीत लिहीत जा. आजपासून. पगारी रजेचंही विचार. दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा हा हिशेब जुन्या कारखाने कायद्यात होता आणि नव्या संहितेतही आहे. पूर्वी त्यासाठी वर्षात २४० दिवस भरावे लागत, २०२० च्या संहितेत ते १८० वर आणलेत. जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या या चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. काजूचं काम हंगामाप्रमाणे वरखाली होतं, तुझे १८० भरतात का ते त्या वहीवरच कळेल. भरत असतील तर वर्षाला नऊदहा दिवस होतात. तुमच्या मोसमाला बरेच झाले.

कायद्यानं दिलेला हक्क खाजगी कागदावर सही घेऊन काढून घेता येत नाही. ज्या कराराचा हेतूच कायदा निष्फळ करण्याचा, तो १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे मुळात रद्दबातल. म्हणजे तू सही केलीस तरी तुझा हक्क बुडत नाही. तरीही करू नकोस. सही केलेली बाई भांडायला जात नाही, हे मालकाला कायद्यापेक्षा चांगलं माहीत असतं. त्याला सरळ सांग, "खेळ माझ्या जबाबदारीवर, एवढं लिहून देते. पैशांचं वाक्य काढा." तो काढेल असं मला वाटतं. चिडलाच तर जिल्ह्याचं कामगार कार्यालय आहे, पण तिथं एकटी जाऊ नकोस. पैसे कापले गेलेल्या चौघी मिळून जा.

गुडघ्याचं राहिलं. पगाराच्या चिठ्ठीवर कर्मचारी राज्य विमा योजनेची, जिला सगळे ईएसआय म्हणतात, ०.७५ टक्के कपात दिसते का बघ. दिसत असेल तर तुझ्याकडे विमा आहे आणि तो फक्त कामावरच्या दुखापतीचा नाही. कबड्डीत पाय मोडला आणि त्यांच्या डॉक्टरनं काम करू नये असा दाखला दिला, तर आजारपणाचा लाभ मिळतो: पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, ठरलेल्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली तर. पगाराची चिठ्ठीच मिळत नसेल, तर मालकाकडे पहिली मागणी तिचीच कर.

नोकरीबद्दल आईला काय सांगायचं? खरं तेच. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण जत्रेतल्या सामन्याची ढाल तिथं चालत नाही, मग ती केवढीही उंच असो. मान्यताप्राप्त संघटनेच्या राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेतली कामगिरी लागते, पदाच्या गटाप्रमाणे पातळी बदलते, आणि प्रमाणपत्राची क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी करून घ्यावी लागते. बोगस प्रमाणपत्रांचे प्रकार झाल्यापासून ती पडताळणी कडक आहे. त्यातून परीक्षा द्यावीच लागते, आरक्षण म्हणजे घरपोच नेमणूक नव्हे. ओरोसला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आईला घेऊनच जा आणि तुझ्याजवळच्या कागदांपैकी कुठले चालतात ते तिच्यासमोर विचार. दोन वर्षं ती कोणाच्या तरी ऐकीव गोष्टीवर बसली आहे. एकदा कळलं की ही वाट चारपाच वर्षांची आहे आणि अभ्यासाचीही आहे, की मग परवाच्या सामन्यातल्या तिसऱ्या चढाईवर तिचा सगळा जीव टांगलेला राहणार नाही. तुझाही नाही. स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेऊन ठेव. ते उघडलंस की खेळाच्या पाठीवरची निम्मी नोकरी पुस्तकाच्या पाठीवर जाईल.

स्थळांबद्दल मी काही सांगत नाही. बघायला येणाऱ्याला सरावाची वेळ सांग, म्हणावं मैदानावर या. कोण येतं ते बघ.

आता पाय.

आमच्या ओळखीचा एक दशावतारी आहे. दिवसा चिऱ्याच्या खाणीवर मजुरी, रात्री जत्रेत राजा. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, रंगमंचावर उभं राहून बोलणं जागच्या जागी रचायचं, समोर अख्खा गाव. मी त्याला एकदा विचारलं, भीती वाटत नाही? तो देवळामागं पेट्रोमॅक्सच्या उजेडात पत्र्याच्या पेटीवर बसला होता, हातात तळव्याएवढा आरसा. आधी कपाळ, मग गाल, मग भुवया, शेवटी ओठ. हा क्रम कधीच मोडत नाही, नाटक पन्नास माणसांपुढं असो की पाच हजारांपुढं. म्हणाला, "रंग लावताना मी कोणाशी बोलणय नाय. हात आपले चलतत, मी मधी पडणय नाय." भुवई रंगवून होईपर्यंत मजूर पेटीत गेलेला असतो.

तुझा रंग कुठला ते शोध. चढाईला निघण्याआधीचे तीनचार सेकंद तुझे स्वतःचे असतात. केस मागं घट्ट, मध्यरेषेची माती बोटाला, एक श्वास पूर्ण सोडायचा, मग नवा घेऊन 'कबड्डी'. पत्रात तू लिहिलंस की हल्ली दम लवकर तुटतो. छातीत अर्धा जुना श्वास अडकवून निघालीस तर तुटणारच. हा क्रम काहीही असू दे, पण प्रत्येक चढाईला तोच, पहिल्या मिनिटाच्या फुकट चढाईलाही. फक्त तिसऱ्या चढाईला केलास तर तो रंग नाही राहणार, धोक्याची घंटा होईल.

आत गेल्यावर नजर बाहेर ठेवायची. पायावर नाही, समोरच्या कोपऱ्यातलीच्या गुडघ्यावर. ती झडप घालणार असली की गुडघा आधी वाकतो, हात नंतर येतात. तुला सांगायला नको, तू हे सरावात करतच असणार. मनात शब्द हवाच असला तर एकच ठेव, 'गुडघा'. डोक्याला चघळायला काहीतरी द्यावं लागतं, नाहीतर ते पायाशी खेळायला जातं.

आणि सराव बदल. नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी काही लोकांना डार्ट, म्हणजे छोटे बाण नेमावर मारायचा सराव दिला, तोही गिर्यारोहणाच्या सरावाच्या भिंतीवर, काहींना खाली आणि काहींना उंच. उंचावर भीतीत सराव केलेले लोक पुढं भीतीतही टिकले, खाली आरामात सराव केलेले टिकले नाहीत. तुम्हाला भिंत नको. रोज सराव संपताना, सगळ्या दमलेल्या असताना, शेवटची दहा मिनिटं असं खेळा: दोन गुणांनी मागे, दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, तिसरी तुझी, तीस सेकंद कोणीतरी मोठ्यानं मोजायचे. वाडीतली पोरं गोळा करा आणि त्यांना चिडवायला सांगा, त्यांना हे काम फुकट आवडतं. हरलीस तर सगळ्यांना भजी तुझ्याकडून. भावालाही बोलाव. तो 'डोक्यानं कच्ची' म्हणून ओरडला तर फारच उत्तम, तेवढ्यासाठी बाहेरून माणूस आणावा लागणार नाही.

एक गोष्ट कर्णधाराशीही बोल. शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येक वेळी तूच का? किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना बघितलं असशील, दोरीला माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर थोडा थोडा कमी होतो. फ्रान्सच्या मॅक्स रिंगेलमाननं हे मोजून १९१३ मध्ये छापलं होतं: आठ जण ओढत असले की प्रत्येकाचा जोर एकट्यानं ओढण्याच्या निम्म्यावर येतो. तुमच्या संघात उलटं दिसतंय. बाकीच्यांनी दोरी सोडली आहे आणि तू एकटी ओढतेस. दुसरी एखादी मुलगी तिसऱ्या चढाईसाठी तयार झाली तर समोरच्या संघालाही तू येणार हे आधीच कळणार नाही. आत्ता त्यांना कळतं. चारही वेळा पकडली गेलीस त्यात तुझा पाय किती आणि त्यांची तयारी किती, हा हिशेब तू मांडलेलाच नाहीस.

निवड चाचणीला महिना आहे. त्यातले पंधरा दिवस तरी तो सराव होऊ दे. चाचणीच्या दिवसाची रजा मात्र आजच लेखी माग.

तो कागद सही न करता मला पाठव, मालकाचं आणि कारखान्याचं नाव झाकून. आमच्या इथे एक वकीलबाई आहेत, त्यांना दाखवते. आणि पुढच्या पत्रात लिही, ज्या चार सामन्यांत पकडली गेलीस, तेव्हा समोर डाव्या कोपऱ्याला कोण होती? मला शंका आहे की ती एकच मुलगी असावी.

— मावशी